गाळाचं धाबं

धरणाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर रविवारी डबे बांधून तुम्ही तिकडे निघाल आणि काठावर वेफर्सची पाकिटं टाकून याल. जामनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते आहे, एवढं पुरे. माझ्या सासऱ्यांची शेती त्या धरणात गेली. सगळी गेली असती तर विषय मिटला असता. पण पाण्याच्या वर उताराची एक चिंचोळी पट्टी उरली. नुसता मुरूम. कुसळंसुद्धा तिथे नाखुशीनेच उगवायची. शेजार नाही, वीज नाही, डांबरी रस्ता संपला की बैलगाडीची वाट, आणि पाऊस लागला की तीही गायब. अशा ठिकाणी आमच्या ह्यांनी घर बांधायचं काढलं.

तेव्हा आम्ही जळगावात मेहरूणला राहायचो. हे कोर्टात नोकरीला. जन्मभर लोकांच्या साक्षी लिहून घेतल्या आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. सकाळी तलावाला एक फेरी, मग दिवसभर बाल्कनी. बोलणं बंद. मी भाजी निवडायला दिली तर निवडायचे, नाही दिली तर नाही. कोणी आलं तर "या" म्हणायचे, गेलं तर "या" म्हणायचे, आणि मधल्या तासाभरात जे काही बोलायचं ते मी बोलायचे.

एकदा सहज त्या पट्टीवर जाऊन येतो म्हणाले. संध्याकाळी परत आले ते बोलतच जिना चढले. पाण्यावर कुठला पक्षी होता, कोळीण बाई टायरच्या ट्यूबवर बसून जाळं कशी टाकत होती, उन्हात पाणी कसं पितळी दिसतं. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते तसंच धरून मी उभी राहिले आणि भात गार झाला. लग्नानंतर इतकी वाक्यं एकदम मी ऐकली नव्हती. घराला माझा विरोध होता, तो त्या संध्याकाळी संपला. माणूस तिथे बोलत होता. मला तेवढं पुरे होतं.

पण मी नुसती हो म्हणून गप्प बसेन तर ना. तेव्हाची मी, पन्नाशीच्या अलीकडची ती बाई, मला आजही डोळ्यांसमोर दिसते. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट गवंड्याच्या नाकासमोर. सगळ्या खानदेशात अक्कल वाटली गेली तेव्हा सगळ्यात मोठं भांडं घेऊन आपणच उभ्या होतो, अशी तिची समजूत. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

ह्यांना वर पत्रे टाकायचे होते. मी म्हटलं, मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा, भाकरी तव्याशिवाय भाजेल. माझं माहेर सोनगीरकडचं. आमच्याकडे धाब्याची घरं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सागाच्या आडव्या सऱ्या, त्यावर तुराट्या, त्यावर कडुलिंबाचा पाला म्हणजे वाळवी लागत नाही, मग मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे खारट पांढरी माती. तिच्यात गवताचं पातं उगवत नाही आणि पाऊस पडला की ती आवळून बसते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माझे वडील दरवर्षी धाब्यावर नवी खारी टाकायचे आणि आम्ही पोरी ती तुडवायचो. बाहेर आग ओतत असली तरी आत माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. तेव्हा धाबंच करायचं, असा मी हुकूम सोडला.

घर एकाच खोलीचं, पुढे पडवी. उतार खणून मागची भिंत टेकडीत बसवली, त्यामुळे मागच्या बाजूने धाबं जमिनीच्या बरोबरीला आलं. दगड तिथलेच, माती तिथलीच. मी स्वतः भिंती लिंपल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग गवंडी म्हणाला, बाई, खारी कुठून आणायची? ह्या बाजूला मिळत नाही, लांबून गाडी करावी लागेल.

तो उन्हाळा होता. पाणी खाली गेलं होतं आणि धरणाच्या तळातला गाळ शेतकरी ट्रॅक्टरने उचलून वावरात टाकत होते. काळा, लोण्यासारखा गाळ. आमच्या पट्टीशेजारून ट्रॉल्या जायच्या. मी एक ट्रॉली अडवली आणि धाब्याकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मी पत्ता विचारते आहे. गवंडी डोकं खाजवायला लागला. त्याला मी जे सांगितलं ते आमच्या नातेवाइकांत अजून म्हणीसारखं वापरतात. मी म्हटलं, "जी माती जन्मभर पाण्याखाली राहिली, ती पाण्याला कशाला भिणार?"

गवंड्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, तिच्या माहेरी धाबी आहेत, तिला कळतं. झालं. वावराला जे द्यायचं ते आम्ही घराच्या डोक्यावर दिलं.

घरभरणीला सगळे आले. माझ्या नणंदेने वर बघितलं, भिंत बोटाने टोकरून पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, पावसाळ्यात आत बसून छत्र्या धरायच्या का?" बायका हसल्या. मला झोंबलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, पहिल्या पावसाळ्यात एक थेंब जरी आत गळला तर हे घर विकून टाकू आणि दोघं मेहरूणला परत जाऊ. कोणी मागितलं नव्हतं असलं काही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" "नक्की," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली. कोर्टातला माणूस तो. त्याच्यासमोर बोललेलं नुसतं बोलणं राहत नाही, नोंदलं जातं. मला मात्र तेव्हा नणंदेचं तोंड बंद झालं याचाच आनंद.

ह्यांनी मग नाव करून घेतली. जामनेरला कूलर बनवणारा एक पत्रेवाला होता, त्याला सांगून पत्र्याचा डोंगा. त्याने तो कूलरसारखाच चौकोनी बनवला, फक्त पंखा लावायचा राहिला. जोडांना डांबर फासून हे तो पाण्यात घालायचे आणि एकट्यानेच वल्हवत मध्यावर जाऊन गळ टाकून बसायचे. मासा लागला की त्याच्याकडे नीट बघायचे आणि सोडून द्यायचे. कारण माझं माहेर माळकरी. मी स्वतः माळ घातली नाही, पण मासा माझ्या चुलीपाशी कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता, हे लग्नातच ठरलेलं. ती ट्यूबवरची कोळीण, तिला आम्ही अक्का म्हणायचो, ती धुळ्याकडून इथे आलेली. तिने अख्ख्या वस्तीत सांगून टाकलं की कोर्टातले आबा माशांची हजेरी घेतात.

डोंग्यात मी पाय ठेवत नव्हते. कूलरमध्ये बसून कोणी पाण्यात जातं का?

मग पाऊस आला. पहिला आठवडा कोरडा गेला, म्हणजे आतून. मी रोज सकाळी उठून वर बघायचे आणि फोनवर नणंदेला सांगायचे. जुलैत धाब्यावर हिरवी लव आली. मला इतकं कौतुक वाटलं की मी ह्यांना टेकडीवर नेऊन दाखवलं. मखमल, मी म्हटलं. मग मखमल घोट्याएवढी झाली. गवत तर होतंच, पण ज्वारीची ताटं आली, अंबाडी आली, एक भोपळ्याचा वेल पडवीवरून खाली लोंबायला लागला. धरणाच्या पोटात साऱ्या शिवारातलं बी वाहून येऊन बसलं होतं आणि मी ते पसाऱ्यासकट उचलून आणलं होतं. उपटायला हवं, हे म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, मुळं माती धरून ठेवतात. शाळेत शिकलेलं असं नको तिथे आठवतं.

श्रावणातली दुपार होती. सकाळपासून झड लागलेली, तेवढ्यात जरा उघडीप झाली होती. हे जेवायला बसले होते. कळण्याची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, अंबाडी वरचीच. मी दुसरी भाकरी थापत होते. वर धप् असा आवाज झाला. पाठोपाठ कडकड तुराट्या मोडल्या आणि चिखलाचा एवढा मोठा लगदा ह्यांच्या पुढ्यात पडला. मी वर बघितलं. छतातून दोन पाय आत आले होते. काळे, केसाळ, खुरांचे. पाय हवेत चालत होते. त्यांच्या मागून पाण्याची धार लागली, ती सरळ परातीत.

माझं तोंड उघडं, हातात पिठाचा गोळा. माझ्या डोक्यात एकच विचार, की माझ्या छताला पाय फुटले. जे सगळं उगवलं त्याच्यानंतर आता हे उगवलं. खरं सांगते, क्षणभर मला ते तसंच वाटलं. ह्यांनी शांतपणे भाकरी उचलून बाजूला घेतली.

मग वरून बें असा आवाज आला तेव्हा कळलं, शेळी. टेकडीवरून चरत चरत ती सरळ आमच्या घरावर आली होती. का नाही येणार, साऱ्या उतारावर हिरवं रान तेवढंच. पाठोपाठ तिची मालकीण आली. भोकाच्या कडेला अक्काचं तोंड दिसलं, उलटं. तिने शेळी बघितली, गवत बघितलं, आत मला बघितलं.

"माय," ती म्हणाली, "हाई घर शे का वावर शे?"

शेळी वर ओढून काढायला आम्हाला तिघांना बराच वेळ लागला. तिला काही झालं नव्हतं. छताला मात्र परातीएवढं भगदाड. पाऊस पुन्हा सुरू झाला. हे अंथरूण कोपऱ्यात सरकवायला लागले, मी भांडी मांडायला लागले. काम संपल्यावर हे पडवीत जाऊन उभे राहिले, पाण्याकडे तोंड करून, आणि म्हणाले, "गळलं."

एवढंच.

मी हसून म्हटलं, ते काय गळणं झालं, ती तर शेळी पडली. हे म्हणाले, पाणी आत आलं. मी म्हटलं, अहो मी रागात बोलले होते. ते म्हणाले, बोललीस तर सगळ्यांसमोर. दोन दिवसांनी कळलं की जामनेरच्या एका शेठना फोन झालासुद्धा. मार्केटात धान्याचा जुना व्यापार, दुकान मुलांवर सोपवून निवांत जागा शोधत होते. त्यांनी मागे ह्यांना विचारलं होतं. येत्या रविवारी येऊन बघतो म्हणाले. मी थक्क झाले. मला वाटलं होतं हे भांडतील, निदान रुसतील. ज्या जागेने ह्या माणसाला तोंड फुटलं ती जागा तो भाजीची जुडी द्यावी तशी द्यायला निघाला होता. कारण मी म्हटलं होतं.

शनिवारी पाऊस थांबला. हे म्हणाले, चल, एकदा पाण्यातून घर बघून घे. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. डोंग्यात बसले, दोन्ही हातांनी पत्रा घट्ट धरून. तळाला थोडं पाणी साचलं होतं, त्यात माझी बोटं बुडाली. हे वल्हवत होते आणि बोलत होते. इथे खाली सासऱ्यांची विहीर आहे. इथे मरळ सापडते. तिकडे कटला, पण तो पहाटेच. ही लाट वाऱ्याची नाही, खालून मोठा मासा गेला. मी ऐकत होते आणि मागे बघत होते. घर लहान होत गेलं. डोक्यावर हिरवे केस वाढलेलं, मधोमध टक्कल पडलेलं. भिंतींवर माझ्या हाताचे फराटे तेवढ्या लांबूनही दिसत होते.

परतताना डोंगा काठाकडे वळला आणि हे बोलायचे थांबले. वाक्य अर्धं राहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर समोर बाल्कनीतला माणूस बसलेला. तोच चेहरा, मेहरूणचा. पाण्यात पडले असते तर जेवढा बसला असता त्याहून मोठा धक्का मला त्या चेहऱ्याने दिला. माझ्या बढाईपायी ह्या माणसाला मी परत त्या खुर्चीत नेऊन बसवणार होते, आणि तो हूं की चूं करणार नव्हता.

शब्द मागे घेते म्हटलं तर ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मग दुसरा मार्ग. शेठ जैन. त्यात चातुर्मास चालू. त्या बाईच्या डोक्यात पुन्हा अक्कल चमकली.

रविवारी सकाळी हे शेठना आणायला डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेले, कारण गाडी चिखलात येत नव्हती. ते वळणाआड गेल्याबरोबर मी काठावर धावले आणि अक्काला म्हटलं, एक मासा दे. मोठा.

अक्काने जाळं खाली ठेवलं. "तुले? मासा? काब्र?"

मी म्हटलं, तू दे फक्त. तिने कटला दिला, हातभर लांब. त्याचा डोळा माझ्याकडे. मी तो पदरात घेतला आणि अंगणात आणला. आणि मग लक्षात आलं की पुढे काय करतात ते मला माहीतच नाही. आमच्या घरात अख्खी भाजायची वस्तू एकच: भरताचं वांगं. म्हणून मी कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांग्याला टोचतो तसं माशाला सुरीने चार ठिकाणी टोचलं, तेलाचा हात फिरवला आणि अख्खा जाळावर ठेवला. खवल्यांसकट, पोटातल्या सगळ्यासकट. धूर भरपूर व्हावा एवढीच इच्छा.

धूर झाला. मग मासा फुगला. मग फट्दिशी फुटला. खवले उडून माझ्या चष्म्यावर चिकटले. जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही. मी चिमटा हातात धरून मागे उडी मारली आणि चिखलात बसले. अक्का मागून आली होती. तिला हसू आवरेना. "वांगं नई शे ते, माय," ती म्हणाली.

त्याच वेळी वळणावरून दोघं आले. शेठ पांढऱ्या कपड्यांत, बूट हातात घेतलेले, पिंढरीपर्यंत चिखल. सत्तरीचा बारीक माणूस. हे अंगणाच्या तोंडाशीच खिळले. माझ्याकडे, जाळाकडे, जाळावरच्या त्या गोष्टीकडे बघत राहिले. शेठ मात्र थांबले नाहीत, पळाले नाहीत, नाकाला रुमालही लावला नाही. वारा ज्या बाजूने येत होता तिकडच्या दगडावर जाऊन बसले. पिशवीतून स्वतःची उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. धाब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वहिनी, हे कशासाठी?"

मी म्हटलं, आमच्याकडे रोजच असतं. हे म्हणाले, "शेठ, ही मासा खात नाही." बघा, माझी बाजू राखायची सोडून खरं बोलले.

"ते दिसतंच आहे," शेठ म्हणाले. बाटलीचं झाकण लावलं. "घर विकायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं, वहिनी. मी आलो तसा परत गेलो असतो. या जिवाला मध्ये कशाला घेतलं?"

मला वाटलं होतं ते रागावतील, मग मीही काहीतरी फणकारून बोलेन. पण त्यांचा आवाज चढलाच नाही. जाळावर पडलेल्या त्या माशाकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. माहेरी मुंगी चिरडली तरी आई हळहळायची, आणि मी सकाळी उठून एक अख्खा जीव केवळ वास यावा म्हणून मागून आणला होता. अक्का माझ्या मदतीला धावली. "शेठ, तो ते सकायलेच जायामा मरेल व्हता," ती म्हणाली, म्हणजे सकाळीच जाळ्यात मेलेला. शेठनी तिच्याकडे बघून मान हलवली.

हे पुढे आले. "विकायचं ठरलंय शेठ. शब्द गेलाय."

"कोणाचा?"

"हिचा."

"दिला कोणाला?"

"मला. नातेवाईक होते समोर."

"नातेवाइकांना सोडा. तुम्हाला दिला ना? मग तुम्हीच सोडून द्या तिला त्यातून." शेठ उठले. बूट हातात घेतले. "माझ्या दुकानात असे शब्द दिलेले लोक रोज सुटायचे."

शेठ म्हणाले, रस्ता माहीत झाला, सोडायला नको. ते चिखलातून जपून पावलं टाकत गेले. त्यांची पांढरी पाठ वळणापर्यंत दिसत होती. मी अजून चिखलातच बसले होते.

अक्काने जाळावरून मासा पळसाच्या पानावर ओढला. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. टाकून दे, मी म्हटलं. मग शेठचं बोलणं आठवलं आणि म्हटलं, नको टाकू. कोणी खाणार का विचारायला मान वर केली, तर हे पानापाशी उकिडवे बसलेले. दोन बोटांनी काळं कातडं सोललं, मधला काटा टोकाला धरला आणि एका ओढीत सगळाच्या सगळा बाहेर काढला. अगदी सहज. माझी भाकरी मोडतात त्याहून सहज. आतला शिजलेला भाग तोंडात टाकला.

मी अक्काकडे बघितलं. अक्का धरणाकडे बघायला लागली.

"कधीपासून?" मी विचारलं.

हे चावत होते. "मीठ घालायला हवं होतं," म्हणाले. दुसरा घास घेतला. मग पाण्याकडे बघत, आधीच कुठेतरी बोलणं चालू होतं आणि मी उशिरा आले अशा थाटात म्हणाले, "सुताराला आणखी एक वल्हं सांगावं लागेल. एकट्याने वल्हवलं की डोंगा फार एका बाजूला ओढतो."